मणी आपला, खातं कुणाचं?



या शिबिरात तुम्ही काचेचा मणी करायला शिकलात. काचेची कांडी बर्नरच्या ज्योतीत मऊ करायची, मातीचा लेप दिलेल्या पोलादी सळईवर गुंडाळायची आणि सळई सारखी फिरवत राहायची. हात थांबला की मणी ओघळतो. झालेला मणी उघड्यावर गार केला तर तडकतो. म्हणून सुमारे 500 अंशांच्या भट्टीत ठेवून तो सावकाश निववायचा. एवढं कसब असलेल्या कामाला ‘बायकांचा फावल्या वेळेचा छंद’ कुणी म्हणू नये, आणि आपण तर मुळीच म्हणू नये.

ज्योतीवरचं काचकाम बाईला नवीन नाही. फिरोजाबादला बांगडीची टोकं ज्योतीवर जोडण्याचं काम बायका घरोघरी करतात. मजुरी नगावर मिळते, हजेरीपटावर मात्र नाव नाही. अशा घरबसल्या माल तयार करणाऱ्या कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेनं 1996 साली 177 क्रमांकाचा करार केला. त्यासाठी ‘सेवा’नं झगडा दिला. भारतानं या कराराला अजून मान्यता दिलेली नाही.

ऑनलाइन विक्रीत गिऱ्हाईक थेट भेटतं, ही चांगलीच गोष्ट. पण हिशोब मांडून बघा. समजा, कानातल्यांचा जोड 200 रुपयांना विकला. काच आणि हूक 30, गॅस-वीज 25, डबी-पाकीट 15, पोर्टलचं कमिशन 30. उरले 100. मणी करणं, साफ करणं, जोडणं, फोटो काढणं, गिऱ्हाइकाला उत्तरं देणं, पाकीट बांधणं यात दीड तास गेला. म्हणजे तासाला साधारण 67 रुपये पडले. वाटेत फुटलेला माल यात धरलेला नाही. म्हणून किंमत ठरवताना आपला वेळ आधी मांडा.

आता पैसे कुठे जातात ते बघू. आमच्या गटांत वारंवार दिसतं, की मणी बाई करते. पण मोबाइल मुलाचा, यूपीआय नवऱ्याच्या खात्याला जोडलेलं. विक्री होते, पण पैसा तिच्या हाती येत नाही. 1 ऑक्टोबर 2023 पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या छोट्या विक्रेत्यांना पोर्टलवरून माल विकता येतो. त्याला पॅन लागतो आणि ही सवलत आपल्या राज्यातल्या विक्रीपुरतीच आहे. पुढे जीएसटी नोंदणी करायची वेळ आली, की धंद्याच्या जागेचा पुरावा मागतात. घर सासऱ्यांच्या नावावर असेल तर त्यांचं संमतीपत्र आणावं लागतं. जिच्या नावावर घर नाही, तिची वाट इथे अडते. म्हणून पॅन, बँकखातं आणि सिमकार्ड स्वतःच्या नावावर असणं ही पहिली पायरी आहे.

आणि जीव सांभाळा. घरगुती सिलिंडर धंद्याला वापरणं बेकायदेशीर आहे. कोंदट खोलीत बर्नर पेटवू नका. चष्म्याशिवाय ज्योतीपुढे बसू नका. काही लाल-पिवळ्या काचांत कॅडमियम असतं, तेव्हा काम संपल्यावर हात धुतल्याशिवाय स्वयंपाकाला लागू नका.

एकटीला भट्टी परवडत नसेल तर पाचजणींनी मिळून घ्या. वह्या मात्र पाच ठेवा. प्रत्येकीच्या वहीत तिचे तास, तिचे मणी आणि तिच्याच खात्यात जमा झालेले पैसे लिहिलेले असू द्या. पुढच्या बैठकीला येताना वही बरोबर आणा. तिथे आपण ती वाचू, आणि तिच्यावरूनच भांडू.