मैदानाचं फाटक



आज एका खेळाडू बाईबद्दल बोलतो. लिली पार तिचं नाव. १९०५ साली इंग्लंडात, सेंट हेलेन्सला, मजुराच्या घरात जन्मली. भावांबरोबर फुटबॉल खेळत वाढली. डाव्या पायाची किक अशी, की गोलकीपरला धडकी भरावी.

पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले. प्रेस्टनच्या डिक-कर कारखान्यात दारूगोळा करायला बायका घेतल्या. त्या बायकांनी टीम काढली. १९१७च्या नाताळात डीपडेल मैदानावर मॅच झाली, १०,००० लोक आले. गल्ला जखमी सैनिकांसाठी गेला. १९२० साली लिली ह्या टीममध्ये आली. त्याच वर्षी डिसेंबरात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर ५३,००० माणसं जमली. हजारो फाटकाबाहेरच राहिली.

१९२१ साली कोळसा खाणींत टाळेबंदी झाली. उपाशी कामगार कुटुंबांसाठी बायकांच्या टीम मॅच खेळल्या. आणि ५ डिसेंबर १९२१ला फुटबॉल असोसिएशनच्या साहेबांनी ठराव केला : हा खेळ बायकांना शोभत नाही. संलग्न क्लबांनी त्यांना मैदान द्यायचं नाही. वर धर्मादाय पैशाच्या हिशेबावरही बोट ठेवलं.

बंदीची रीत नीट बघा. कायदा नाही, पोलीस नाही. नुसतं फाटक लावलं. बॉम्बगोळे बनवताना ह्याच बायकांचं शरीर नाजूक नव्हतं. चेंडूला पाय लागला, की लगेच नाजूक झालं! ह्याला काळजी म्हणायचं? ही मालकी झाली.

लिली थांबली नाही. १९२२ साली टीम अमेरिकेला गेली, तिथं पुरुषांच्या टीमशी भिडली. नंतर मनोरुग्णालयात नर्स म्हणून राबली आणि मिळेल त्या मैदानावर १९५१पर्यंत खेळली. बंदी उठली १९७१ साली. ५० वर्षांनी. १९७८ साली लिली वारली. २००२ साली फुटबॉल म्युझियमच्या मानकऱ्यांत पहिली बाई म्हणून तिचं नाव लागलं, २०१९ साली मँचेस्टरात पुतळा उभा राहिला.

पुतळ्याला हार घालणं सोपं आहे. ह्या ५० वर्षांत ज्या पोरींचा पाय चेंडूला लागलाच नाही, त्यांचा हिशेब कोण देणार? म्हणून सांगतो, कुणी म्हणालं 'हे तुला शोभत नाही', तर शोभेची चर्चा करत बसू नका. फाटकाची चावी कुणाच्या खिशात आहे, ते आधी विचारा.