जुने घर मोकळे करताना

‘अमक्याने घरातली भांडी विकायला काढली’ हे वाक्य कानी पडले की त्या घरावर काहीतरी मोठे संकट कोसळले असले पाहिजे, असाच अर्थ मराठी माणूस घेतो. भांडी विकावी लागणे म्हणजे अब्रूची शेवटची पायरी, हा समज आपल्याकडे फार जुना आहे. परंतु आज चांगल्या खात्यापित्या घरांवरही हा प्रसंग येतो आणि तो दारिद्र्यामुळे येत नाही. आईवडील जातात, मुले तीन गावी तीन ठिकाणी स्थिरावलेली असतात, घर पाडले जाणार असते आणि साठ वर्षांचा संसार ठेवावयाचा कोठे, हा प्रश्न उभा राहतो.

हैदराबादेतील हिमायतनगर या वस्तीत हा प्रश्न अनेक घरांना पडला आहे. किंग कोठी, नारायणगुडा आणि लिबर्टी चौक यांच्या आसपासची ही वस्ती एके काळी अंगण व झाडेपेडे असलेल्या बंगल्यांची. काही मराठी कुटुंबांनीही येथे घरे बांधली. १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यपुनर्रचना होऊन मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेव्हा कित्येक मराठी नोकरदार तिकडे गेले. पण ज्यांचे बिऱ्हाड येथे रुजले होते ते येथेच राहिले. आता त्या बंगल्यांच्या जागी सदनिकांच्या इमारती आणि दुकाने उभी आहेत.

अशाच एका घराची ही हकीकत. वडील पूर्वीच गेले होते, आईही गेली. थोरला मुलगा पुण्यास, मुलगी नागपुरास आणि धाकटा अमेरिकेत, न्यू जर्सीत. बांधकाम व्यावसायिकाशी करार झाला आणि घर सहा आठवड्यांत मोकळे करून देण्याचे ठरले. थोरल्या भावाने चार दिवसांची रजा काढली होती. एक दिवस मोडवाला, एक दिवस फर्निचरवाला, एक दिवस वाटणी आणि एक दिवस हाताशी, असा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात पाच आठवडे लागले.

धाकट्याने अमेरिकेतील रीत सांगितली. तेथे हे काम करणाऱ्या कंपन्याच असतात. त्या घरातील प्रत्येक वस्तूला किमतीची चिठ्ठी लावून ती घरातच मांडतात, दोन-तीन दिवस दार उघडे ठेवतात, उरलेला माल शेवटच्या दिवशी उतरत्या भावाने देऊन टाकतात आणि आपली दलाली कापून घेतात. आपल्याकडे याला जवळची अशी पद्धत म्हणजे नीलाम. कलकत्त्याच्या रसेल स्ट्रीटवर १९४० साली निघालेले रसेल एक्स्चेंज हे त्यातले नामांकित नाव. हैदराबादेत बहुधा व्यापारीच घरी येतो, खोल्यांतून एक फेरी मारतो आणि ‘सगळे उक्ते घेतो’ म्हणून एक आकडा सांगतो. असा एक व्यापारी दुसऱ्याच दिवशी आला. आकडा ऐकून थोरल्याला बरे वाटले, कारण एका दिवसात सुटका होणार होती. परंतु बहीण म्हणाली, “दादा, यादी झाल्याशिवाय या घरातून चमचासुद्धा बाहेर जाणार नाही.”

बहिणीचा हा हट्ट वाटला, पण त्यास या शहरातच एक मोठा दाखला आहे. तिसरे सालार जंग, मीर यूसुफ अली खान, २ मार्च १९४९ रोजी वारले. ते अविवाहित होते. त्यांच्या दिवाण देवडीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या आणि त्यांनी स्वतः जन्मभर जमविलेल्या वस्तू खच्चून भरल्या होत्या. हस्तलिखिते, शस्त्रे, घड्याळे, चिनी मातीची भांडी, गालिचे, पुतळे. या पसाऱ्याची व्यवस्था पाहण्यासाठी समिती नेमावी लागली आणि मांडणीसाठी जेम्स कझिन्स या कलासमीक्षकांना बोलावण्यात आले. १६ डिसेंबर १९५१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते तेथे संग्रहालय उघडले. तरीही वारसांशी तडजोड होण्यास १९५८ साल उजाडले आणि संसदेचा कायदा झाला तो १९६१ साली. एका माणसाच्या मागे राहिलेल्या घराचा निकाल लागण्यास बारा वर्षे! वस्तू पुष्कळ होत्या हे एक कारण झालेच. पण कोणती वस्तू काय आहे, कोणाची आहे आणि तिचे काय करावयाचे हे ठरविणे हेच खरे काम होते. हिमायतनगरच्या घरात हेच काम लहान प्रमाणावर करावयाचे होते.

यादीची वही आखली गेली. अनुक्रमांक, खोली, वस्तू, स्थिती, शेरा. प्रत्येक वस्तूस दोऱ्याने क्रमांकाची चिठ्ठी बांधली. गोंदाने चिकटविली असती तर शिसवी लाकडाचे पॉलिश निघाले असते. मोबाइलवर छायाचित्रे घेतली. दिवाणखाना दीड दिवसात आटोपला. पुरुषमाणसांना वाटते की घर म्हणजे दिवाणखाना. स्वयंपाकघर आणि त्यामागची कोठी यांनी मात्र नऊ दिवस घेतले.

कोठीत बंब, घंगाळ, हंडे, परात, सतेली, पितळी डबे, फिरकीचा तांब्या, पुरणयंत्र, शेवेचा सोऱ्या हे सगळे होते. आपल्याकडे भांड्यावर नाव घालण्याची चाल आहे. ठिपक्याठिपक्यांनी कोरलेली ती अक्षरे पालथ्या तांब्यावर, ताटाच्या काठावर वाचावी लागतात : कोणाच्या मुंजीत आले, कोणाच्या स्मरणार्थ दिले, कोणत्या साली. मोडवाल्याच्या तराजूत हे सारे पितळ एकच. तो कडी लोखंडाची म्हणून घट धरतो, डाग लावलेला म्हणून आणखी घट धरतो. बहिणीने प्रत्येक भांड्यावरील अक्षरे वहीत उतरविली. ज्यांची नावे होती त्यांतील काहींचा पत्ता लागला आणि त्यांची भांडी त्यांच्या मुलांकडे गेली. यात किती वेळ गेला याचा हिशेब थोरल्याने पहिले काही दिवस ठेवला, नंतर सोडून दिला.

ज्या भांड्यांवर नावे नव्हती त्यांची माहिती एकाच व्यक्तीला होती. ती म्हणजे घरी एकतीस वर्षे कामाला येणारी तेलुगु बाई. कोणता डबा आईच्या माहेरचा, कोणती परात भाड्याने आणून परत करावयाची राहून गेली, कोणत्या कुलपाची किल्ली तांदळाच्या डब्यात असते, हे तीच सांगू शके. मुलांना आपल्या घराचा परिचय तिच्याकडून होत होता असे म्हटले तरी चालेल.

कागदपत्रांचे काम याहून अवघड. घराचे मूळ दस्तऐवज उर्दूत. कारण १९४८ पर्यंत या राज्याचा कारभार त्या भाषेत चाले. आजोबांचे हिशेब मोडीत, आईच्या वह्या बाळबोध लिपीत. तिघा भावंडांपैकी उर्दू वा मोडी एकालाही येत नव्हती. थोरल्याच्या मुलाने एका कागदावर १३५२ हा आकडा ओळखला आणि आपल्याकडे सहाशे वर्षांपूर्वीचा दस्तऐवज आहे म्हणून आनंदाने सर्वांना हाका मारल्या! तो फसली सन होता. त्यात ५९० मिळवावे म्हणजे इसवी सनाचा मेळ बसतो. कागद १९४२-४३ चा निघाला. उर्दू जाणणाऱ्या एका वृद्ध वकिलांकडून सर्व गठ्ठा वाचून घेतला, तेव्हा त्यात मागील अंगणाच्या हद्दीचा एक करार सापडला. तो रद्दीत गेला असता तर पुढे बरीच कटकट झाली असती.

पुस्तके पानापानाने झाडून पाहावी लागली. जुनी माणसे नोटा पुस्तकात, पावत्या लुगड्याच्या घडीत आणि किल्ल्या कोठेही ठेवतात. याच वस्तीच्या शेजारी किंग कोठीत राहणाऱ्या सातव्या निजामांना, १८४.७५ कॅरटांचा जेकब हिरा वडिलांच्या जोड्याच्या टोकात सापडला, अशी कथा सांगतात. तो हिरा पुढे १९९५ साली निजामांच्या इतर जडजवाहिरासह भारत सरकारने सुमारे २१८ कोटी रुपयांस घेतला. हिमायतनगरच्या घरात जोडे झटकले तर झुरळे निघाली. पण गीतेच्या एका प्रतीत आईची विम्याची पावती होती आणि एका थैलीत चारमिनारची मुद्रा असलेले हाली रुपये होते. सात हाली रुपयांना सहा कलदार असा एके काळचा भाव; १९५९ साली ते चलन कायमचे बाद झाले. असे नाणे वजनावर देऊन टाकू नये, एक एक वेगळे दाखवावे.

काही वस्तू विकताच येत नाहीत, हे पुष्कळांच्या गावी नसते. वडिलांची बंदूक परवानाधारक गेल्यावर विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी लागते. भिंतीवरचे हरणाचे मुंडके मालकीच्या दाखल्याखेरीज बाळगता येत नाही आणि दाखला असला तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्याने त्याची विक्री होत नाही. हस्तिदंताच्या वस्तूंचेही तेच. धाकट्याला आजोबांच्या हातची ज्ञानेश्वरीची पोथी अमेरिकेस न्यावयाची होती. त्याच साली झालेल्या पुरावस्तूंच्या कायद्याप्रमाणे पंचाहत्तर वर्षांवरील मोलाचे हस्तलिखित देशाबाहेर नेता येत नाही. निदान पुरातत्त्व खात्याचा दाखला तरी हवा. पोथी पुण्यास राहिली. धाकट्याला ते लागले, हे लपून राहिले नाही.

वाटणी कायद्याने सोपी होती. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यान्वये आईच्या मिळकतीत मुलगे व मुलगी यांचा वाटा सारखा. ख्रिस्ती कुटुंब असते तरी १९२५ च्या कायद्याने मुलगा-मुलगी असा भेद झाला नसता. पण कायदा वाटा सांगतो, वस्तू सांगत नाही. शिसवी पलंग कोणालाच नको होता, कारण कोणाच्याही सदनिकेत तो मावेना. सागवानी देवघर तिघांनाही हवे होते. शेवटी ज्याला जे हवे त्याच्या चिठ्ठ्या तिघांनी परस्परांना न दाखविता लिहिल्या, आणि एकाच वस्तूवर दोन नावे आली तेथेच बोलणे करावयाचे असे ठरले. अशा वस्तू अवघ्या सहा निघाल्या. देवघर नागपुरास गेले.

आईच्या जुन्या वहीत एका बिदरी पानदानाची नोंद होती. घरात पानदान नव्हते. थोरला भाऊ बाईकडे पाहून काही बोलला नाही, पण त्या दिवसापासून कोठीला कुलूप लागू लागले. बाईने ते कुलूप पाहिले आणि ती दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी बहिणीला त्याच वहीच्या शेवटच्या पानांवर, उसन्या दिलेल्या वस्तूंत, ते सापडले. भाचीच्या लग्नात रुखवतासाठी पानदान दिलेले, आणि परत आल्याची खूण नव्हती. थोरला स्वतः बाईच्या घरी जाऊन तिला घेऊन आला. आईचे शिवणयंत्र तिला द्यावे असे आई बोलली होती म्हणतात, कागद नव्हता. यादीतील त्या ओळीपुढे तिघांनी मिळून ‘दिले’ असा शेरा लिहिला.

मग विक्री. जे विकावयाचे त्याला घाईघाईने नवे पॉलिश करू नये, एवढे एका जाणत्याने सांगितले होते. जुन्या लाकडाची झळाळी गेली की किंमतही जाते. फर्निचरला तीन व्यापारी वेगवेगळ्या दिवशी बोलावले आणि तिघांचे आकडे लिहून घेतले. पुस्तकांतील बरी पुस्तके एका वाचनालयास दिली. किरकोळ वस्तू दर गुरुवारी भरणाऱ्या जुमेरात बाजारातील एका विक्रेत्याने टेम्पो भरून नेल्या. आलेली रक्कम पहिल्या व्यापाऱ्याच्या उक्त्या आकड्याच्या दुपटीहून थोडी अधिक भरली. त्यातून हमाली, टेम्पोचे भाडे आणि घराचे शेवटचे वीजबिल वजा जाता उरलेल्याचे तीन भाग झाले.

मागल्या अंगणातील पाटा-वरवंटा कोणी घेतला नाही. यादीत तो शेवटचा, ४१३ क्रमांकाचा. शेरा कोरा आहे.