घरी घडविलेली गिटार

(ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हाला भाषणाचा विषय विचारला आणि आम्ही ‘विजेवर वाजणारी गिटार घरी कशी घडवितात’ असे सांगितले, तेव्हा ते क्षणभर आमच्याकडे पाहतच राहिले. ज्याने आयुष्याची चौतीस वर्षे कचेरीत फायली हलविण्यात घालविली, त्याने ज्ञातीचा इतिहास किंवा विद्यार्थ्यांना उपदेश असा रूढ विषय सोडून हे नसते खूळ का घ्यावे, हा प्रश्न त्यांच्या मुद्रेवर स्पष्ट उमटला होता. त्याचे उत्तर आज द्यावयाचे आहे. ज्यांच्या आज्यापणज्यांनी रंधा, करवत आणि पटाशी यांवर संसार चालविले, त्यांना हा विषय परका वाटण्याचे काही कारण नाही, असे आमचे नम्र मत आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. आपल्या सतारीला पोकळ भोपळा असतो आणि तारेचा क्षीण नाद तो भोपळा मोठा करतो. विजेच्या गिटारीचे अंग बहुधा भरीव लाकडाचे असते. तिचा भोपळा म्हणजे तारांखाली बसविलेली एक गुंडाळी. लोहचुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, सामान्यतः आठ हजारांच्या आसपास, घातलेले असतात. वरची पोलादी तार कंप पावली की चुंबकाचे क्षेत्र हलते आणि गुंडाळीत तितक्याच वेगाने मागेपुढे होणारा अल्पसा वीजप्रवाह उत्पन्न होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ साली दाखविलेला हा नियम आपली मुले शाळेत पाठ करतात. तार पितळेची किंवा नायलॉनची असेल, तर गुंडाळी मुकीच राहते. हा प्रवाह वाढवून कर्ण्यापर्यंत नेणे हे ॲम्प्लिफायरचे काम. वाटेत त्याचा स्वभाव पालटावा म्हणून वादक पायाशी लहान लहान डब्या ठेवतात व त्या पायाने दाबून चालू-बंद करतात. त्यांना पेडल म्हणतात.

या वाद्याचा इतिहास मोठ्या कारखान्यांचा आहे, असा आमचा समज होता. तो चुकीचा निघाला. अमेरिकेतील लेस पॉल यांनी १९४०च्या सुमारास चार इंची चौरस लाकडी खांबाचा तुकडा घेऊन त्याला तारा व गुंडाळ्या बसविल्या. त्या वाद्याचे नावच ‘लॉग’, म्हणजे ओंडका, असे पडले. १९५० साली भरीव अंगाची गिटार बाजारात आणणारे लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. त्यांना स्वतः गिटार वाजविता येत नव्हती. मात्र त्यांनी दांडी अंगाला सरस लावून न चिकटविता चार स्क्रूंनी जोडली. दांडी बिघडली की स्क्रू काढावे आणि दुसरी बसवावी! घरोघरच्या हौशी कारागिरांना येथेच दार उघडे झाले. त्यांच्या १९५४ सालच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारीला तीन गुंडाळ्या आणि तीन थांब्यांचा खटका होता. वादकांनी तो खटका दोन थांब्यांच्या मध्येच अडकवून पाहिला, तो नवाच स्वर निघाला. अखेर १९७७ साली कंपनीनेच पाच थांब्यांचा खटका दिला. वापरणाऱ्याने करणाऱ्याला शिकविल्याचे हे उत्तम उदाहरण होय. भगिनींनी हेही ध्यानात घ्यावे की, त्याच कारखान्यात १९५६ साली कामास लागलेल्या ॲबिगेल यबारा या स्त्रीच्या हातच्या गुंडाळ्या पुढे वादक शोधून शोधून घेऊ लागले.

परंतु आमच्या मनाला खरा चटका लावला तो एका बापलेकांच्या कथेने. १९६३ साली लंडनजवळ राहणारा ब्रायन मे हा सोळा वर्षांचा शाळकरी मुलगा. त्याला विजेची गिटार हवी होती आणि ती विकत घेण्याची घरची ऐपत नव्हती. वडील हॅरॉल्ड हे सरकारी विमानखात्यात नोकरीस होते व विजेच्या उपकरणांचे जाणकार होते. त्यांनी मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणून दटावले नाही, की कर्जही काढले नाही. ते मुलाबरोबर कामास बसले.

शंभर वर्षांहून जुन्या एका शेकोटीच्या चौकटीचे महोगनी लाकूड त्यांनी दांडीसाठी घेतले. त्याला किड्यांनी पाडलेली भोके आगकाड्या ठोकून बुजविली. अंगासाठी जुन्या टेबलाचे ओक लाकूड घेतले. दांडीवरील खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या गुंड्या कामी आल्या. तारांचा ताण हलका-जड करून स्वर लववणारी यंत्रणा एका जुन्या सुरीच्या धारेवर तोलली आणि तिला जुन्या मोटारसायकलच्या दोन स्प्रिंगा लावल्या. त्या यंत्रणेचा दांडा सायकलीच्या पिशवीच्या आधाराचा, आणि त्याचे टोक आईच्या विणण्याच्या सुईचे! गुंडाळ्याही प्रथम घरीच वळल्या. त्यांवर तार बाजूला ओढली की विचित्र आवाज येई, म्हणून त्या काढून तीन गुंडाळ्या विकत आणल्या. या कामाला सुमारे दोन वर्षे लागली आणि खर्च सुमारे आठ पौंड आला असे सांगतात. ‘रेड स्पेशल’ नावाची हीच गिटार घेऊन ब्रायन मे यांनी ‘क्वीन’ या वाद्यवृंदात जग पालथे घातले, आणि २००२ साली इंग्लंडच्या राणीच्या राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून ती वाजविली. या वृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी हे पांचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकले होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. तिसरे सोबती जॉन डीकन यांनी तर कचऱ्यात सापडलेल्या एका सर्किटपट्टीपासून छोटा ॲम्प्लिफायर बनविला आणि त्याचा आवाज त्यांच्या अनेक ध्वनिमुद्रिकांत कायमचा बसला.

या कथेचा उत्तरार्ध आम्ही गाळणार नाही. मुलाने खगोलशास्त्राचे संशोधन सोडून संगीत धरले, तेव्हा ज्यांनी गिटार घडविली त्याच वडिलांना ते रुचले नाही; दोघांत दीर्घकाळ अबोला राहिला, असे ब्रायन यांनीच पुढे सांगितले. न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांनी आईवडिलांना कार्यक्रमास नेले, तेव्हा कोठे वडिलांचे मन निवळले. आणि सोडलेले संशोधन पुरे करून मुलाने २००७ साली डॉक्टरेटही मिळविली. तात्पर्य, हात आणि बुद्धी यांचे वैर नाही. वैर असते ते आपल्या मनात.

आता घरचे सांगतो. आमचे आजोबा गावात औते, गाड्या आणि देव्हारे घडवीत. आमच्या वडिलांनी आम्हाला रंध्याला हात लावू दिला नाही. ‘तू लेखणी धर’ म्हणाले. त्यांचे चुकले असे म्हणण्याची आमची छाती नाही, कारण त्या लेखणीनेच आज आमच्या घरी दोन वेळचे सुखाचे अन्न आहे. पण गावचे घर आवरताना आजोबांची हत्यारांची पेटी आम्ही भंगारवाल्याला वजनावर दिली. वाकस, पटाश्या, गिरमिटे, कानशी, सर्व काही गेले. त्या दिवशी आम्हाला काही वाटले नाही, हे येथे कबूल करणे प्राप्त आहे.

तीन वर्षांपूर्वी आमच्या नातवाने जेवणाच्या टेबलावर पेडलची डबी उघडली आणि तापलेल्या सोल्डरिंगच्या कांडीने टेबलावर काळा डाग पाडला. आम्ही त्याला नको ते बोललो. त्याने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, “आजोबा, तुमच्या आजोबांच्या पटाश्या कुठं आहेत? गिटारीचं अंग कोरायला हव्यात.” बंधुभगिनींनो, आम्हाला उत्तर देता आले नाही.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही त्याच्याबरोबर कामास बसलो. मोडक्या शिसवी पलंगाची एक पट्टी दांडीवर बसविण्यास निवडली; कारण आपल्या देशातील शिसव हे लाकूड जगभरच्या गिटारींच्या दांड्यांवर वापरतात. पडद्यांची जागा ठरविण्याचा नियम असा: डोक्याकडील पट्टी, जिला गिटारवाले नट म्हणतात, तेथून घोडीपर्यंतच्या लांबीला १७.८१७ने भागावे, तेथे पहिला पडदा. उरलेल्या लांबीस पुन्हा त्याच संख्येने भागावे, तेथे दुसरा. असे करीत गेले की बारावा पडदा बरोबर मध्यावर येतो. जुने कारागीर सोईसाठी १८ने भागीत. त्याने २४ इंची तारेवर बारावा पडदा दोन मिलिमीटरांहून थोडा अधिक सरकतो. नातवाने गणित केले आणि मापे आम्ही घेतली. पडदे बसवून पाहिले, तो वरचे स्वर बेसूर! गणित बरोबर होते, चूक आमची होती. प्रत्येक माप आम्ही मागच्या पडद्यापासून घेतले होते, त्यामुळे केसभर चूक बारा वेळा साठत गेली. सर्व मापे नटापासूनच घ्यावयाची असतात. पट्टी उलटी करून पुन्हा खाचा पाडल्या. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हिशेबातील चुका काढणाऱ्याला हा धडा सोळा वर्षांच्या मुलाने एक शब्दही न बोलता दिला.

गिटार उभी राहिली, पण सारखी गुणगुणत होती. घोडीखालून तारांना भूतार जोडावयाची राहिली होती. ती जोडताच गुणगुण बरीच शमली. त्यानंतर नातवाने ‘फझ’ नावाचे पेडल बनविले. त्याचे मूळ मोठे गमतीचे आहे. अमेरिकेत नॅशव्हिल येथे एका ध्वनिमुद्रणाच्या वेळी यंत्रातील एक भाग बिघडला आणि गिटारीचा आवाज फाटला. तो फाटका आवाजच लोकांना आवडला, म्हणून ग्लेन स्नॉडी या तंत्रज्ञाने तो मुद्दाम काढणारे सर्किट तयार केले आणि १९६२ साली ते ‘मॅस्ट्रो फझ-टोन’ या नावाने विक्रीस आले. अशा पेडलात स्वराच्या लहरीची उंच टोके छाटली जातात. त्यामुळे मूळ स्वरात नसलेले वरचे उपस्वर उमटतात. हे ऐकून आम्हाला मिरजेची आठवण झाली. तेथील तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढतात, तेव्हाही उपस्वरच जागे होतात. एकाने धाग्याने साधले, दुसऱ्याने ट्रान्झिस्टरने. मिरजेतील तंतुवाद्यांचे हे काम हत्यारे घडविणाऱ्या शिकलगारांच्या घरांतून सुरू झाले. हत्यारांचे दिवस सरले, तेव्हा त्या हातांनी तारा धरल्या. काळ बदलतो, म्हणून हाताने स्वस्थ बसावयाचे नसते.

तरुणांना दोन सूचना करणे अवश्य आहे. पेडले नऊ व्होल्टांच्या बॅटरीवर चालतात, त्यांत जिवाला धोका नाही. पण जुन्या पद्धतीचे व्हॉल्व्हचे ॲम्प्लिफायर बंद करून तार काढली तरी त्यांच्या कपॅसिटरांत शेकडो व्होल्ट दडून राहतात. ते जाणकारावाचून कोणीही उघडू नयेत. शिशाचे सोल्डर वापरल्यास हवेशीर जागी बसावे आणि हात धुतल्यावाचून अन्नास लावू नयेत.

आता कार्यकारी मंडळास विनंती. आपण दरवर्षी अधिक गुण मिळविणाऱ्या मुलामुलींना पारितोषिके देतो, ती द्यावीत. त्यांबरोबर पुढील वर्षापासून स्वतःच्या हाताने केलेल्या वस्तूसाठी एक पारितोषिक ठेवावे. ती वस्तू गिटार असो, खुर्ची असो, की विजेचे एखादे यंत्र असो. आणि ज्यांच्या माळ्यावर जुनी हत्यारे पडून असतील, त्यांनी ती वजनावर विकण्यापूर्वी मंडळाकडे एकदा विचारणा करावी. मंडळाने त्यांसाठी एक कपाट द्यावे. कुलूप आम्ही आणू.

आमच्या आजोबांची पेटी परत येणार नाही. तिच्यातील एकच वस्तू मागे राहिली: शिसवी लाकडाचा गुण्या. त्यात लोखंड नव्हते, म्हणून भंगारवाल्याने तो नाकारला होता. नातवाने तो माळ्यावरून शोधून काढला, फळीच्या कडेला लावून रेघ मारली, मग उलटा करून त्याच जागी पुन्हा रेघ मारली. दोन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत आल्या. गुण्या अजून काटकोनात होता. आमच्या घरच्या गिटारीचे सर्व पडदे त्याच गुण्याने आखलेले आहेत.