पुराचीं घरें आणि गांवची घरपट्टी

(नभोवाणीवरून दिलेलें भाषण)



रोख भाव मोजून घर विकत घ्यावें आणि किल्ली हातीं येतांच तें जमीनदोस्त करावें, असा ग्राहक आपण कधीं पाहिला आहे काय? ‘घर पाहावें बांधून’ ही म्हण ज्या समाजाच्या अंगीं मुरली आहे, त्याला हा शुद्ध वेडेपणा वाटेल. परंतु अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत असा एक ग्राहक पुष्कळ वर्षें बाजारांत वावरला, आणि १९८९ पासून २०१७ पर्यंतच्या काळांत चाळीस हजारांहून अधिक मालमत्ता त्याच्या पैशानें विकत घेतल्या गेल्या. हा ग्राहक म्हणजे तेथील मध्यवर्ती सरकार. जीं घरें नदी वारंवार बुडविते तीं मालकाच्या संमतीनें घ्यावयाचीं, पाडावयाचीं, आणि ती जागा पाण्याला परत द्यावयाची, असा हा व्यवहार आहे.

नवल याचें कीं, या व्यवहाराला हरकत घेणारा पुष्कळदां घराचा मालक नसतो; त्याच्याच गांवची नगरपालिका असते. तिच्या हरकतीचें कारण एका शब्दांत सांगतां येतें: घरपट्टी. आज मी बोलणार आहें तें या हरकतीविषयीं.

कायद्याची बाजू थोडक्यांत सांगून टाकतों. १९६८ सालीं तेथील सरकारनें पुराच्या विम्याची जबाबदारी आपल्या अंगावर घेतली, कारण खाजगी कंपन्या ही जोखीम पत्करण्यास तयार नव्हत्या. पुढें अनुभव असा आला कीं, एकच घर दोनदां, तीनदां, चारदां बुडावें, आणि दर वेळीं विम्याच्या पैशानें तें त्याच जागीं उभें राहावें. १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्यानें अशीं घरें विकत घेण्यास पैसा देण्याची वाट मोकळी केली. १९९३ सालीं मिसिसिपी नदीला प्रचंड पूर आला, तेव्हां या खर्चांतील मध्यवर्ती सरकारचा वांटा शेंकडा ५० वरून ७५ वर नेण्यांत आला. उरलेला चौथा हिस्सा राज्यानें किंवा गांवानें उभा करावयाचा. मालकावर सक्ती नाहीं. भाव पुष्कळदां पूर येण्यापूर्वींचा धरतात. मात्र एकदां सौदा झाला कीं, त्या जमिनीवर पुन्हां घर उठावयाचें नाहीं. आपल्या जुन्या सनदांत ‘यावच्चंद्रदिवाकरौ’ असें लिहीत. तसाच हा करार आहे. बाग करा, मैदान करा, नुसतें गवत वाढूं द्या. चंद्रसूर्य आहेत तोंवर तेथें चूल पेटणार नाहीं.

आणि जेथें चूल नाहीं तेथें पट्टी नाहीं. जमीन सरकारजमा झाली कीं ती करमुक्त होते, आणि येथेंच भांडणाला तोंड फुटतें.

हें भांडण समजून घेण्यास न्यू जर्सी राज्यासारखें दुसरें उदाहरण नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांचे मुलगे, मुली, भाचे, पुतणे तेथें राहतात. एडिसन आणि आयसेलिन या गांवांतून जाणारा ओक ट्री रोड तर साड्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांमुळें आपल्या माणसांना तोंडपाठ आहे. यांपैकीं आयसेलिन ज्या नगरपालिकेच्या हद्दींत येतें, तिचें नांव वुडब्रिज. २९ ऑक्टोबर २०१२ रोजीं ‘सँडी’ वादळानें समुद्राचें पाणी आंत लोटलें, तेव्हां वुडब्रिजच्या ओढ्याकांठची वस्ती बुडाली. राज्य सरकारची ‘ब्लू एकर्स’ नांवाची खरेदीची योजना १९९५ पासून अस्तित्वांत होती. ती या वादळानंतर जोमानें पुढें आली. ओक ट्री रोडवरचा आपला मिठाईवाला आणि ओढ्याकांठीं बुडालेला घरमालक हे, पाहा, एकाच नगरपालिकेचे करदाते.

न्यू जर्सींतील घरपट्टी सबंध देशांत अत्यंत जड म्हणून प्रसिद्ध आहे. २०२४ सालीं एका घरामागची सरासरी पट्टी दहा हजार डॉलरांच्या वर गेली. तिच्यांतील सुमारें निम्मा भाग शाळांकडे जातो. म्हणजे पट्टी घटली कीं पहिला धक्का बसण्याची भीति मुलांच्या वर्गांना. राज्यांत नगरपालिका ५६४ आहेत, आणि प्रत्येक आपापल्या तिजोरीवर डोळा ठेवून बसलेली आहे.

आतां हिशेब पाहूं. पुढील आंकडे केवळ समजण्यासाठीं घेतले आहेत. समजा, एका गांवांत सारख्या किंमतीचीं एक हजार घरें आहेत, आणि पट्टींतून उभा करावयाचा वर्षाचा खर्च एक कोटि डॉलर आहे. प्रत्येक घरावर दहा हजार डॉलर बसले. सरकारनें त्यांतील ५० घरें घेतलीं आणि पाडलीं. तेथील पद्धतींत आधीं खर्च ठरतो आणि मग तो घरांच्या किंमतीवर वांटला जातो. शिक्षकांचे पगार, पोलिसांचें वेतन, जुन्या कर्जाचें व्याज, यांतलें कांहींच ५० घरें गेल्यानें आपोआप कमी होत नाहीं. तोच एक कोटि आतां ९५० घरांनीं भरावयाचा. म्हणजे घरामागें सुमारें ५२६ डॉलर अधिक, आणि तेहि दर वर्षीं. टेकडीवर राहणाऱ्या ज्या गृहस्थाच्या अंगणांत पुराचा थेंबहि आला नाहीं, त्याच्या हातीं हें बिल पडतें. शेजाऱ्याचें दुःख मला समजतें, पण त्याचा दंड मीं कां भरावा, असें तो विचारतो. त्याला स्वार्थी म्हणून झटकून टाकणें सोपें आहे. कदाचित् तो निवृत्त शिक्षक असेल आणि त्याचें सारें उत्पन्न पेन्शनचें असेल. ५२६ डॉलर त्यानें कोठून आणावे?

तरीहि हा हिशेब अर्धाच आहे, असें मला वाटतें. बुडणारें घर गांवाला केवळ पट्टी देतें असें नाहीं. तें खर्चहि करावयास लावतें. पुराच्या रात्रीं होड्या घेऊन जाणारे अग्निशामक, दुसऱ्या दिवशीं रस्त्यावर पडणारे भिजलेल्या गाद्यांचे आणि कपाटांचे ढीग, गाळानें भरलेलीं गटारें, बंद पडलेले पंप, यांचा खर्च वहींत निरनिराळ्या पानांवर पडतो, म्हणून त्याची बेरीज कोणी करीत नाहीं. शिवाय दोन-तीन पुरांनंतर त्या घराची किंमत उतरते, मालक अपील करून आकारणी कमी करून घेतो, आणि जी पट्टी गेली म्हणून गांव हळहळतें ती आधींपासूनच झिरपूं लागलेली असते. आणखी एक गोष्ट: पूरभूमि मोकळी राखणें आणि तत्सम उपाय करणें, याबद्दल त्या गांवच्या विमेदारांना पुराच्या विम्याच्या हप्त्यांत सूट मिळते, ती अधिकांत अधिक शेंकडा ४५ पर्यंत जाऊं शकते. पण ही सूट पडते विमेदाराच्या खिशांत, नगरपालिकेच्या तिजोरींत नव्हे. त्यामुळें अंदाजपत्रकाच्या सभेंत तिचा उच्चार क्वचितच होतो.

नगरपालिकेचें म्हणणें जेथें खरोखर बळकट आहे, ती जागा निराळीच आहे. सौदा राजीखुशीचा असल्यामुळें एका ओळींतील दहा घरांपैकीं सहा जातात आणि चार राहतात. मग ती गल्ली दांत पडलेल्या तोंडासारखी दिसूं लागते. राहिलेल्या चारांसाठीं दिवे हवेत, नळ हवा, गटार हवें, कचऱ्याची गाडी हवी, हिंवाळ्यांत बर्फ काढणारें यंत्र हवें. उत्पन्न सहा घरांचें गेलें, खर्च मात्र दहांचा राहिला. वुडब्रिजनें येथें शहाणपण दाखविलें. शक्य तितकीं घरें सलग घेतलीं जावींत असा प्रयत्न केला, आणि त्या पूरभूमीसाठीं बांधकामाचे नियम बदलून नवें बांधकाम आवरलें. तेथें २००६ सालीं नगराध्यक्ष झालेले जॉन मॅकॉर्मॅक हे त्यापूर्वीं राज्याचे कोषाध्यक्ष होते. आंकड्यांशीं त्यांचा घरोबा असावयाचाच. त्यांनीं खरेदीला पाठिंबा दिला, आणि शंभराहून अधिक घरें गेलीं. अर्थात् वुडब्रिजची वस्ती एक लाखावर आहे. भरल्या घरांत एक पाहुणा जेवून गेला तर पिठाच्या डब्याला तें कळत नाहीं.

मॅनव्हिलला तें कळतें. रॅरिटन आणि मिलस्टोन या नद्यांच्या संगमावर वसलेलें हें सुमारें अडीच चौरस मैलांचें गांव. जॉन्स-मॅनव्हिल या ॲस्बेस्टॉसच्या कंपनीवरून त्याचें नांव पडलें. तो कारखाना गेल्या शतकाच्या ऐशींच्या दशकांत बंद झाला, आणि मोठा करदाता गेला. मग १९९९, २०११ आणि २०२१ सालीं तीन मोठे पूर आले. तिसऱ्या पुराच्या वेळीं तर पाण्यानें वेढलेल्या घरांत गॅसचे स्फोट होऊन आगी लागल्या. तेथील सखल वस्तीचें नांव ‘लॉस्ट व्हॅली’, म्हणजे हरवलेलें खोरें. अशा गांवानें आपलीं घरें एकामागून एक विकूं द्यावींत, तर पालिका चालवावयाची कोणाच्या जिवावर? आणि विकूं देऊं नयेत, तर चौथ्या पुराच्या वेळीं तेथील मुलाबाळांना माळ्यावरून उतरवून आणावयाचें कोणीं?

यापुढची गोष्ट मला सर्वांत अधिक टोंचते. फेमा या मध्यवर्ती आपत्ति-खात्याकडे घरमालकाला स्वतः अर्ज करतां येत नाहीं. तो राज्याच्या किंवा गांवच्या सरकारमार्फत जावा लागतो. म्हणजे ज्या दारांतून मालकानें बाहेर पडावयाचें, त्या दाराच्या कडीवर पुष्कळदां नगरपालिकेचा हात असतो, आणि तिला तर त्याची पट्टी हवी आहे. एका अमेरिकन पर्यावरण-संस्थेनें २०१९ सालीं केलेल्या पाहणींत असें आढळलें कीं, पूर आल्यापासून अशी खरेदी पुरी होईपर्यंत सामान्यतः पांच वर्षांहून अधिक काळ जातो. या पांच वर्षांत भिंतींना बुरशी चढते; मालक दुसरीकडे भाड्यानें राहतो, जुन्या घराच्या गहाणाचे हप्ते भरतो, विमा भरतो, आणि ज्या घरांत तो राहूं शकत नाहीं त्याची घरपट्टीहि भरतो. आई जेवूं घालीना आणि बाप भीक मागूं देईना, तशी ही गत. कंटाळून पुष्कळजण अर्ज सोडून देतात, मिळेल त्या भावानें घर कोणा दलालाला विकतात. तो भिंतींना रंग देऊन तें पुढें भाड्यानें लावतो. पट्टी वांचली, घरांत फक्त माणसें बदललीं, आणि नव्या माणसांना नदीची ओळख नाहीं.

पट्टीखेरीज आणखीहि कांहीं हरवूं शकतें, हें सांगितल्यावांचून मला पुढें जातां येत नाहीं. नॉर्थ कॅरोलायना राज्यांत टार नदीच्या कांठीं प्रिन्सव्हिल म्हणून गांव आहे. दास्यांतून मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांनीं तें वसविलें, आणि १८८५ सालीं त्याला सनद मिळाली. सप्टेंबर १९९९ मध्यें फ्लॉइड वादळाच्या पुरांत तें सबंध गांव पाण्याखालीं गेलें. सरकारनें खरेदीची तयारी दाखविली. गांवच्या सभेंत मतें पडलीं तीन विरुद्ध दोन: विकावयाचें नाहीं, बांध दुरुस्त करून येथेंच राहावयाचें. २०१६ सालीं मॅथ्यू वादळानें तें गांव पुन्हां बुडविलें. त्या तिघांनीं चूक केली असें म्हणण्याचें धाडस मला होत नाहीं. घरें विकलीं असतीं तर माणसें वांचलीं असतीं, पण विखुरलीं असतीं. आणि प्रिन्सव्हिल हें नांव नकाशावरून पुसलें गेलें असतें.

याच्या उलट इलिनॉय राज्यांतील व्हॅलमायर. मिसिसिपीच्या कांठचें सुमारें नऊशें वस्तीचें हें गांव १९९३ च्या पुरांत बुडालें. गांवकऱ्यांनीं एकत्र बसून ठरविलें कीं, जावयाचें तर सर्वांनीं मिळून जावयाचें. दोन मैलांवरच्या उंच कड्यावर जमीन घेतली, रस्ते आंखले, शाळा बांधली, आणि तेंच नांव, तीच नगरपालिका वर नेली. सर्वच आले नाहींत; पुष्कळजण वाट पाहून अन्यत्र गेले. तरी खालची जमीन करमुक्त झाली, पण वरचीं घरें पट्टी देऊं लागलीं.

म्हणून माझें मत असें कीं, किती घरें गेलीं यापेक्षां जाणारीं माणसें कोठें राहावयास जातात, यावर घरपट्टीचा प्रश्न अधिक अवलंबून आहे. त्यांना गांवाच्याच हद्दींत उंचावर जागा मिळाली तर तूट अल्पकाळाची ठरते. ती न मिळाल्यास गांवाची भीति खरी ठरते. मॅनव्हिलसारख्या ठिकाणीं उंच मोकळी जमीन फारशी नाहीं. तेथें राज्यानें कांहीं वर्षें तरी बुडालेल्या पट्टीची भरपाई करावी आणि ती दर वर्षीं थोडी थोडी उतरवीत न्यावी, हें मला न्याय्य दिसतें. कारण नदी वरच्या गांवांच्या डांबरी रस्त्यांवरून आणि छपरांवरून पाणी घेऊनच खालीं येते, आणि पट्टीचा खड्डा मात्र खालच्या गांवाच्या वांट्याला येतो. पण भरपाई मिळो वा न मिळो, मालकाच्या अर्जावर सही करतांना नगरपालिकेनें पट्टीची वही मिटून ठेवावी. टेकडीवरच्या त्या शिक्षकाच्या ५२६ डॉलरांसाठीं त्यानें राज्याच्या राजधानींत जाऊन भांडावें. मीहि त्याच्या बाजूनें उभा राहीन. ओढ्याकांठच्या शेजाऱ्याशीं मात्र त्यानें त्यासाठीं भांडूं नये.

वुडब्रिजच्या त्या ओढ्याकांठीं आतां रटगर्स विद्यापीठाच्या साहाय्यानें पूरभूमि पुन्हां पूर्वस्थितीला आणण्याचें काम झालें आहे. जेथें स्वयंपाकघरें होतीं तेथें त्या प्रदेशांतलीं मूळचीं झाडेंझुडपें लावलीं आहेत. भरतीचें पाणी आलें तर तें त्यांच्या मुळांत शिरतें आणि ओहोटीबरोबर परत जातें. त्याला वाट देण्यासाठीं आतां तेथें कोणाला गाद्या माळ्यावर चढवाव्या लागत नाहींत.