कपाट पाहिल्यावाचून ‘नाही’ म्हणू नये
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



 व्याख्यान देण्याची मला सवय नाही. आपल्या झरीच्या वाचनालयात पुस्तकांची देवघेव करणे, हे माझे काम. तेव्हा त्या कामात उतारवयात शिकावी लागलेली एक गोष्ट तेवढी सांगते.

आमची सारी पुस्तके आजवर दाखल-नोंदवहीत असत. दोन वर्षांपूर्वी ती यादी आंतरजालावर चढवावयाचे ठरले. अशा प्रणाली पुष्कळ आहेत. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ‘ई-ग्रंथालय’ आहे. न्यूझीलंडमधल्या ग्रंथालयासाठी तयार झालेली ‘कोहा’ २००० सालापासून सर्वांना मोफत मिळते. माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट. आपला आहेरच म्हणा ना! त्यांतलीच एक शिकण्याची पाळी मजवर आली. पहिल्या दिवशी मी पदर आवळून नुसती बसून राहिले. शिकवणारी पोर नातीच्या वयाची. म्हणाली, “मावशी, बटण दाबल्यानं काही मोडत नाही.” पण मला भीती यंत्र मोडण्याची नव्हती, पोरीसमोर चुकण्याची होती.

महिनाभरात हात बसला. शेकडो पुस्तके चढवली. मग थोडा गर्वही चढला, आणि तेथेच घात झाला.

एका दुपारी वस्तीवरची एक सून आली. कडेवर मूल, शेतातून परस्पर आलेली. खांडेकरांचे ‘ययाति’ तिला हवे होते. मी रुबाबात नाव टंकले. यंत्राने ‘नाही’ दाखवले. मीही म्हटले, “नाही ग बाई आपल्याकडे.” ती मुकाट्याने गेली. संध्याकाळी कपाट लावताना तेच पुस्तक हाती आले. वीस वर्षे मी देत-घेत असलेले, पुठ्ठाही मीच चिकटवलेला! जे मला ठाऊक होते ते मी यंत्राला विचारले, आणि त्याच्या शब्दावर स्वतःची आठवण खोटी ठरवली.

चूक कोठे झाली? १९५९ साली निघालेल्या त्या कादंबरीवर नाव आहे ‘ययाति’, शेवटचा ‘ति’ ऱ्हस्व. पुढे १९६२ साली मान्य झालेल्या लेखननियमांनी असे शेवटचे इकार-उकार दीर्घ झाले. ‘कवि’चा ‘कवी’ झाला, ‘बुद्धि’ची ‘बुद्धी’. नोंद पुस्तकाबरहुकूम ऱ्हस्व होती आणि मी टंकला तो दीर्घ. आपण दोन्ही समजून घेतो. यंत्राला ती दोन निराळी नावे. एके ठिकाणी ‘वि. स.’ आणि दुसरीकडे ‘विष्णु सखाराम’ लिहिले, तर एका खांडेकरांची ते दोन माणसे करते!

दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन मी तिच्या घरी गेले. ती म्हणाली, “मला वाटलं, आमच्यासारखींना देत नसतील.” भगिनींनो, हे वाक्य मला अजून टोचते. आता जुन्या पुस्तकाच्या नोंदीत आम्ही नावाची दोन्ही रूपे घालतो. आणि कपाट पाहिल्यावाचून ‘नाही’ म्हणावयाचे नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे.

कोणी म्हणेल, मग वहीच बरी होती. तसे नाही. आमच्या एका वहीला वाळवी लागली, तेव्हा किती पुस्तकांचा हिशेबच बुडाला. आता पुस्तक आत आहे की बाहेर गेले, हे वस्तीवर बसून मोबाइलवर पाहता येते. उन्हातला हेलपाटा वाचतो. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ साली निघाला. ते जाडजूड खंड लहान गावाला कोठून परवडावेत? आज ते आंतरजालावर फुकट वाचता येतात, आणि ते उघडून दाखवणे मला येते, याचा आनंद मोठा आहे.

जात्याऐवजी गिरणी आली म्हणून आपण पीठ पारखणे सोडले नाही. जाडे की बारीक, हे आपल्याच चिमटीला कळते. हे साधनही तसेच आहे. गुरुवारी दुपारी वाचनालयात या. तुम्ही वाचलेल्या जुन्या पुस्तकांची नावे सांगा, नोंदी मिळून तपासू. ज्यांना हे शिकावयाचे असेल त्यांनी संकोच करू नये. चुकायला मी पहिली बसते.