नर्मदाकाठासाठी बोट कोणती?

(मिशनच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण, किंचित संक्षिप्त करून)



कार्यकारिणीने मला पंधरा मिनिटे दिली आहेत आणि विषय दिला आहे बोट. परदेशातील एका मित्रमंडळीने आपल्या आरोग्यसेवेसाठी बोट देऊ केली आहे. तळ टणक आणि दोन्ही बाजूंना हवा भरलेल्या जाड रबरी नळ्या, अशी ती बोट आहे. तिला रिजिड इन्फ्लेटेबल बोट म्हणतात. आपण थोडक्यात ‘रिब’ म्हणू. दुसरीकडे आपल्यापैकी काहींचे म्हणणे आहे की कोकणातले मच्छीमार वापरतात तशी फायबरची बोट घ्यावी. दोन्ही मतांची माणसे समोर बसली आहेत, म्हणून माझे मत आधीच सांगून टाकते. आपल्या कामाला फायबरची बोट हवी. परंतु रिबकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे आणि ते न शिकता फायबरची बोट घेतली, तर तीही घेऊ नये या मताची मी आहे.

ज्यांनी तो भाग पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांची उत्तरेकडची गावे सरदार सरोवराच्या फुगवट्याला लागून आहेत. २०१७ मध्ये धरणाचे दरवाजे बंद झाले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पाणी पहिल्यांदा १३८.६८ मीटरच्या पूर्ण पातळीला पोहोचले. शेतातली वाट पाण्याखाली गेली, टेकडीवरचा पाडा एका बाजूला राहिला आणि दवाखान्याची वाट दुसऱ्या बाजूला. कळा सुरू झालेल्या बाईला झोळीत घालून काठापर्यंत आणायचे, तिथून बोटीने पलीकडे, आणि मग जीप मिळाली तर जीप. करोनाच्या वर्षी चिमलखेडीच्या अंगणवाडीसेविका रेलू वसावे स्वतः होडी वल्हवत पाड्यांवर जात होत्या, ही बातमी आपण सर्वांनी वाचली आहे. बातमी वाचून आपण कौतुक केले, तेही बरोबरच. परंतु एका बाईला रोज वल्हवत जावे लागते याचा अर्थ तिथे दुसरे साधन नाही. सरकारचा तरंगता दवाखाना आहे, तो आपल्या दिवशी येतो. बाळंतपण दिवस पाहून येत नाही.

बोट निवडताना बहुतेक जण पाण्याचा विचार करतात. माझा अनुभव असा की तिथे पाण्यापेक्षा काठाचा विचार आधी करावा लागतो. जलाशयाची पूर्ण पातळी १३८.६८ मीटर, ठरवलेली किमान पातळी ११०.६४ मीटर. म्हणजे वर्षभरात पाणी २८ मीटर वरखाली होऊ शकते, नऊ मजली इमारतीएवढे! अशा ठिकाणी पक्का धक्का बांधून उपयोग नाही. दिवाळीत बोट जिथे लागते तिथे मे महिन्यात उघडी दरड असते, आणि बोट खाली कुठेतरी गाळात. आज खडकावर, उद्या चिखलात, परवा बाभळीच्या बुंध्याशी, असे रोज नव्या जागी टेकावे लागते. त्यात भर म्हणजे बुडालेल्या जंगलाची झाडे. ती उभ्या उभ्या मेली आहेत. पाणी उतरू लागले की त्यांचे शेंडे पृष्ठभागाखाली वीतभर येतात आणि वरून दिसत नाहीत.

आता रिबकडे येऊ. ही बोट कुठून आली हे सांगितले पाहिजे, कारण तो इतिहास आपल्यासारख्यांच्या जवळचा आहे. वेल्सच्या किनाऱ्यावर अटलांटिक कॉलेज नावाची शाळा १९६२ मध्ये सुरू झाली. तिचे प्रमुख डेसमंड होअर हे नौदलातून निवृत्त झालेले अधिकारी. मुलांकडे साध्या फुगवायच्या बोटी होत्या, पण दगडगोट्यांवर घासून त्यांचे तळ फाटत. तेव्हा त्यांनी कापडी तळाऐवजी प्लायवूडचा टणक तळ बसवून पाहिला. अनेक वर्षे मुले आणि शिक्षक त्यावर प्रयोग करीत राहिले. ब्रिटनमध्ये समुद्रात अडकलेल्यांना वाचवणारी, लोकांच्या देणग्यांवर चालणारी आर.एन.एल.आय. ही संस्था आहे. तिने १९७२ पासून ‘अटलांटिक २१’ ही बोट सेवेत आणली. होअर यांनी आपला हक्क संस्थेला नाममात्र एका पौंडात दिला, आणि तो एक पौंडाचा धनादेशही वटवला नाही. शाळकरी मुलांच्या हातून झालेले हे काम आज जगभर माणसे वाचवते. तेव्हा रिबला कोणी येथे ‘फुगा’ म्हणू नये. गेल्या बैठकीत तो शब्द वापरला गेला, मला तो आवडला नाही.

या बोटीचे गुण खरे आहेत. पाणी आत भरले तरी नळ्यांतल्या हवेमुळे ती बुडत नाही. नळ्यांचे वेगवेगळे कप्पे असतात, एक फाटला तरी बाकीचे तरंगवतात. सगळी माणसे एका बाजूला सरकली तर ती बाजू थोडी दबते आणि तिथली नळी वर ढकलते. पाण्यात पडलेल्या माणसाला मऊ नळीवरून आत ओढणे सोपे जाते. २०१९ च्या सांगली-कोल्हापूरच्या महापुरात राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या हवेच्या बोटी आपण टीव्हीवर पाहिल्या. त्या कामाला तशीच बोट हवी. भिंतीला, विजेच्या खांबाला धडकली तरी चालते, काम संपले की हवा काढून ट्रकमध्ये टाकता येते. मात्र त्या बोटी वर्षातले थोडे दिवस पाण्यात असतात. बाकीचे दिवस गोदामात, सावलीत, शिकलेल्या जवानांच्या देखरेखीखाली.

आपली बोट मात्र बारा महिने उन्हात असणार. नळ्या दोन प्रकारच्या कापडाच्या मिळतात, पीव्हीसी आणि हायपालॉन. स्वस्त असते ती पीव्हीसी, आणि कडक उन्हात तीच लवकर कडक होते व सांध्यांतून सुटू लागते. हायपालॉन जास्त टिकते, पण महाग. शिवाय हवा. पहाटे २० अंशांना नळीत योग्य दाब भरला आणि दुपारी उन्हात नळीतली हवा ५० अंशांपर्यंत तापली, तर तो दाब जवळजवळ दीडपट होतो. म्हणून दुपारी हवा सोडायची, पहाटे पुन्हा भरायची. हे काम अवघड नाही, पण रोजचे आहे, आणि विसरले तर सांध्यावर ताण येतो. फाटलेली नळी चिकटवायला दोन भागांचा गोंद लागतो, कापड पूर्ण कोरडे लागते आणि हवेत दमट कमी लागते. जुलै महिन्यात अक्राणीत कोरडी हवा कुठून आणणार?

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रिबचा तळ बहुधा फायबरचाच असतो, कधी ॲल्युमिनियमचा. त्यामुळे ‘रबर की फायबर’ हा वाद तळाचा नाही. खडकावर घासणारा भाग दोन्हीकडे सारखाच. प्रश्न आहे तो बाजूंचा: बाजू हवेच्या असाव्यात की टणक? आणि आपल्याकडे बाजूला काय लागते? बाभळीचे काटे, वाळलेल्या सागाचे टोकदार फाटे, मासेमारीचे गळ.

मी हा प्रश्न काठावरच्या एका जुन्या नावाड्याला विचारला. त्याने छापील चित्र हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाला, “ताई, बोट चांगली आहे. पण ही फाटली तर आम्ही तुम्हाला फोन करणार. आमची फाटली तर आम्ही शिवतो.” फोन लागण्यासाठी त्याला डोंगर चढावा लागतो, हे तो बोलला नाही. ते मला माहीत होते.

फायबरची बोट म्हणजे काचेच्या धाग्यांची चटई आणि रेझिन. भेग पडली की ती जागा घासायची, वाळवायची, चटईचे तुकडे थर देऊन बसवायचे, वर रेझिन. पावसात हेही काम ताडपत्रीखाली करावे लागते, पण करता येते. आपल्या पाड्यांवरची मुले मोटारसायकलचे इंजिन उघडतात, त्यांना हे आठवड्यात जमेल. गालील समुद्राच्या काठी १९८६ च्या दुष्काळात पाणी ओसरल्यावर चिखलात एक जुनी मासेमारीची बोट सापडली. सुमारे सव्वाआठ मीटर लांब, साधारण प्रभू येशूच्या काळातली. तिच्यात दहा-बारा जातींची लाकडे निघाली. म्हणजे त्या कोळ्यांनी जे हाताशी मिळेल त्याने ती पुन्हा पुन्हा डागडुजी करून चालवली होती. पेत्र आणि अंद्रिया अशाच बोटींवर वाढले. मला ती बोट कोणत्याही नव्या बोटीपेक्षा जास्त विश्वासाची वाटते.

आता फायबरचा दोष. तो लपवणार नाही. फायबर पाण्यापेक्षा जड असते. साधी फायबरची बोट पाण्याने भरली की इंजिनासह तळाला जाते. १५ जानेवारी २०१९ रोजी, संक्रांतीच्या दिवशी, भूषा येथे नर्मदेत बोट उलटली. तीत साठाच्या आसपास माणसे होती, किमान सहा जणांचा जीव गेला. ती माणसे पूजेला निघाली होती. कोणतीही बोट एवढ्या माणसांना पुरी पडली नसती. होळीच्या दिवसांत, काठीच्या होळीला जायला हीच गर्दी असते, आणि काठावर उभ्या असलेल्या ओळखीच्या म्हातारीला ‘जागा नाही’ म्हणणे नावाड्याला जड जाते. म्हणून क्षमतेचा आकडा बोटीवर पावरी, भिली आणि मराठीत मोठ्या अक्षरांत रंगवावा, आणि ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार नावाड्याला गावासमोर द्यावा. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार नोंदणी वगैरे करावी लागेलच, ते काम कार्यालयाने पाहावे.

रिबकडून शिकायचे ते इथे. बसायच्या फळ्यांखाली आणि दोन्ही कडांना बंद पेशींचा फोम भरून घ्यायचा. किती, त्याचा हिशेब मी मांडला आहे. बोटीचे नुसते फायबर ५०० किलोचे धरले, तर पाण्यात ते साधारण १७० किलोचे वजन उरते. इंजिन, बॅटरी, नांगर यांचे मिळून आणखी ९०. बोटीला धरून तरंगणाऱ्या आठ माणसांसाठी १००. म्हणजे किमान ३६० लिटर फोम, ४०० धरू या, दोनशे लिटरची दोन पिंपे. जागा अडते, पण एवढी अडू द्यावी. आणि पैसे देण्याआधी विकणाऱ्याच्या समोर बोट पाण्यात नेऊन कडेपर्यंत भरायची. तरंगली तर घ्यायची. तो नाही म्हणाला तर दुसरा बघायचा.

जागेचेही सांगते. सहा मीटर लांब, अडीच मीटर रुंद रिबमध्ये दोन्ही बाजूंच्या नळ्या मिळून जवळजवळ एक मीटर रुंदी खातात. उरलेल्या दीड मीटरमध्ये स्ट्रेचर, नर्स, बाईची सासू आणि ऑक्सिजनचे नळकांडे बसवून पाहा. फायबरमध्ये तेवढ्याच मापात मोकळेपणा मिळतो. शिवाय पुढची बाजू चपटी करून घेता येते, म्हणजे फळी टाकून झोळी सरळ आत. दिवस भरलेल्या बाईला ओल्या, गोल नळीवर पाय टाकून चढायला लावणे मला पटत नाही.

राहिला प्रश्न देणगीचा. केशरी रिबचा फोटो सुंदर येतो, हे मी मान्य करते. देणाऱ्यांचे मनही मोठे आहे. परंतु त्यांना नर्मदेचा काठ कोणी दाखवलेला नाही, ते काम आपले आहे. मी पत्राचा मसुदा केला आहे. त्यात त्यांचे आभार मानून विनंती केली आहे की बोटीऐवजी तीच रक्कम द्यावी, आणि तिच्यातून फायबरची बोट, फोम, वीस लाइफजॅकेट, एक जादा पंखा आणि दोन वर्षांचे इंधन घ्यावे. पंखा विसरू नका. बुडालेल्या झाडांत आणि मच्छीमारांच्या जाळ्यांत तळाआधी पंखाच जातो. त्यांनी नकार दिला तर रिब नम्रपणे परत करावी, आणि पुराच्या भागात काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला ती द्यायला सुचवावे. तिथे ती सोन्यासारखी ठरेल.

पत्रावर अध्यक्षांच्या सहीआधी काठावरच्या तीन कारभाऱ्यांचे अंगठे किंवा सह्या असाव्यात, अशी माझी सूचना आहे. ते आज इथे आहेत, जेवणाच्या सुट्टीत त्यांना मसुदा वाचून दाखवते. आणि पावसाळ्यापूर्वी पाड्यावरच्या दोन तरुणांना कोकणात फायबरच्या बोटी बांधणाऱ्या कारखान्यात महिनाभर पाठवायचे आहे. त्यांच्या जाण्यायेण्याचा आणि राहण्याचा खर्च आजच्या अर्पणातून व्हावा, एवढे मागून मी थांबते.