'जशास तसे' आणि क्षमा



प्रत्येकजण आपापला फायदा पाहतो, मग माणसे एकमेकांना साथ देतात तरी कशी? मिशिगन विद्यापीठाचे प्राध्यापक रॉबर्ट अ‍ॅक्सेलरॉड यांनी हा प्रश्न संगणकापुढे मांडला. त्यांनी भरविलेल्या स्पर्धेचा निकाल १९८० साली प्रसिद्ध झाला. त्याबद्दल आम्ही दोन शब्द बोलणार आहोत.

खेळ सोपा. दोघांनी दरवेळी ठरवायचे, साथ द्यायची की दगा. दोघांचीही साथ, तर प्रत्येकी ३ गुण. दोघांचाही दगा, तर प्रत्येकी १. एकाने साथ दिली नि दुसऱ्याने दगा, तर दगेबाजाला ५ आणि भोळ्याला भोपळा! डाव एकदाच असेल तर दग्यातच फायदा. पण इथे त्याच दोघांची गाठ २०० वेळा पडणार होती.

तज्ज्ञांनी १४ प्रोग्रॅम पाठविले. काही मोठे लबाड होते. पण जिंकला अनातोल रापोपोर्ट यांचा सर्वांत छोटा प्रोग्रॅम, 'जशास तसे'! हे नाव ऐकले की आपल्या डोळ्यांपुढे भांडणच येते. याची सुरुवात मात्र साथ देऊन होते. पुढे समोरच्याने मागच्या डावात जे केले तेच हा करतो. समोरचा सुधारला की हाही मागचे विसरतो. दुसऱ्या स्पर्धेत ६२ प्रोग्रॅम आले, तरी हाच जिंकला. गंमत अशी, की समोरासमोरच्या खेळात याने कोणापेक्षाही जास्त गुण कधीच घेतले नाहीत. कोणाला हरविले नाही, आणि एकूण बेरजेत पहिला आला!

पण यात एक खोट आहे. चुकून एकदा दगा घडला, की दोघे आळीपाळीने फेड करीत बसतात. १९९२ साली मार्टिन नोवाक आणि कार्ल सिग्मुंड यांनी दाखविले, की चुका होणाऱ्या जगात 'जशास तसे' आधी दगेबाजांना आवरतो, मग त्याची जागा क्षमा करणारा घेतो. वरच्या गुणांच्या हिशेबाने तीन दग्यांपैकी सुमारे एक सोडून द्यावा. सगळेच माफ केले तर दगेबाज माजतात!

माणूस म्हणजे प्रोग्रॅम नव्हे, हे खरे. पण आपलीही गाठ रोज पडते, त्याच जिन्यात, त्याच नळावर. कुठल्याशा गैरसमजाने दोन घरांचे बोलणे बंद होते, आणि फेडीवर फेड चालू राहते. ती साखळी कोणीतरी एकाने तोडावी लागते. त्यात कमीपणा नाही, हिशेबानेही नाही, एवढेच आमचे सांगणे.

जय भीम!